आगरातली विहीर आणि पुळणीतला नर

गुहागरला घरामागच्या आगरात उभं राहिलं की पोफळींच्या पलीकडे, सुरूच्या बनाच्याही पलीकडे समुद्राची गाज ऐकू येते आणि समोरच्या विहिरीचं पाणी मात्र गोडं असतं. लहानपणापासून पाहत आल्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं आणि खारं जड. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर हिशेबाने त्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. बादोन-खायबेन आणि हेर्त्सबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला हा हिशेब मांडला. पंपाने बेसुमार उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं, हे आगरवाल्यांना कुठलंही सूत्र न शिकता माहीत असतं.

त्या गोड्या पाण्यात, वाळूच्या कणांमधल्या फटींत, कुणी राहतं का? मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला केरळमधल्या कामामुळे. तिथल्या जांभ्या दगडातल्या पाण्यात होराग्लॅनिस नावाचे आंधळे मासे राहतात आणि ते हाती लागतात ते मुख्यतः लोकांच्या विहिरींतून. २०२३ मध्ये त्यातल्या एका नव्या प्रजातीचं नाव 'पॉप्युली' ठेवलं, म्हणजे लोकांची, कारण नमुने आणि माहिती देणारे साधे विहीरमालक होते. जांभा आपल्याकडेही आहे, विहिरी तर घरटी आहेत. मासा मिळावा अशी माझी अपेक्षा नव्हती. त्याहून लहान काही असेल तर बघावं, एवढंच.

लहान म्हणजे किती, ते आधी सांगते. ज्या प्राण्याबद्दल हे लिहिते आहे त्याची लांबी साधारण १ मिलिमीटर आणि रुंदी तिच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी. रंग नाही, डोळे नाहीत. कळशीत आला तरी कुणाला दिसणार नाही.

जाळी मीच बनवून घेतली. प्लवंग पकडायला वापरतात ते ६३ मायक्रॉनचं नायलॉनचं कापड आणलं आणि आमच्या शिंप्याकडून त्याचा शंकू शिवून घेतला. तोंडाला पितळी कडं, त्याला शिशाची वजनं, टोकाला झाकणाची बाटली. जाळी विहिरीच्या तळापर्यंत सोडायची, तळाला टेकली की हात-दोन हात वर-खाली झटके द्यायचे, म्हणजे गाळ ढवळतो आणि त्यात लपलेलं वर येतं. मग एका दमात वर ओढायची. असं पुन्हा पुन्हा करायचं. एका विहिरीतून दुसरीकडे जाताना जाळी उकळत्या पाण्यातून काढून कडकडीत उन्हात वाळवायची. इकडचे प्राणी तिकडे नेऊन सोडले, तर कोण कुठला राहणारा हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही.

ज्या विहिरीबद्दल सांगायचं आहे ती आमच्या ओळखीच्या एका काकींच्या आगरातली. चिऱ्यांनी बांधलेली, शेजारी जुनी दगडी डोण, आणि अजूनही रहाटावर राजू, म्हणजे दोर, आणि पोहरा. पंप आहे, पण प्यायचं पाणी काकी पोहऱ्यानेच काढतात. जाळी पाहून त्या म्हणाल्या, "अगो, मासे धरायला आलीस की काय? गप्पी होते ते केव्हाच संपले."

मला हायसं वाटलं. गप्पी मासे डासांच्या अळ्यांसाठी सोडतात, पण समोर येईल ते सगळंच बारीकसारीक ते खातात. दुसरा प्रश्न टीसीएलचा, म्हणजे पाणी निर्जंतुक करायला टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरीचा. "पावडर कधी टाकली होती, काकी?" "पावसात टाकून गेले. त्यानंतर मी काही टाकू दिली नाही, चहाला वास येतो." साथीच्या दिवसांत पाणी निर्जंतुक करावंच लागतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र क्लोरीनने जंतू मरतात तसे हे जीवही मरतात, म्हणून नमुना घेण्याआधी हा प्रश्न प्रत्येक विहिरीवर विचारावा लागतो.

बाटलीतलं पाणी प्रयोगशाळेत आणून काळ्या कागदावर ठेवलेल्या काचेच्या बशीत ओतलं. हा सगळ्यात वेळ खाणारा भाग, आणि मला सगळ्यात आवडणारा. सूक्ष्मदर्शकाखाली आधी दिसतात ते कोपेपॉड, झटक्याझटक्याने उड्या मारणारे. मग वेटोळी घालत तडफडणारे सूत्रकृमी, इवल्या शिंपल्यासारखे ऑस्ट्रॅकॉड, एखादा कोळीवर्गातला इवला पाणजीव. आणि या गर्दीत एक पांढरा दोऱ्याचा तुकडा, जो पोहत नाही, उडी मारत नाही, वाळूच्या दोन कणांच्या मधून चालतो. तो चालताना पाहिला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

चालणारा, लांबट, बिनडोळ्याचा, कवचधारी. भूजलात असं दिसणारे तीन गट सहज डोळ्यांसमोर येतात, आणि ओळख पटवायची म्हणजे त्यातले एकेक बाद करत जायचं. पहिला गट ॲम्फिपॉडांचा. ते दोन्ही बाजूंनी चेपलेले असतात, बशीत कुशीवर पडतात. हा पोटावर चालत होता, म्हणून ॲम्फिपॉड बाद. दुसरा बॅथिनेला गटाचा. हे दिसायला फारच जवळचे, तेही लांबट, आंधळे आणि रंगहीन, आणि भारतात त्यांच्या बऱ्याच प्रजाती आंध्रातल्या विहिरी-बोअरवेलमधून नोंदल्या गेल्या आहेत. पण बॅथिनेलांचे पाय दुफाटे असतात आणि छातीचे आठ खंड मोकळे असतात. तिसरा गट आयसोपॉडांचा. त्यांचे पाय एकेरी असतात, आणि छातीचा पहिला खंड डोक्यात मिसळून गेल्यामुळे मोकळे सातच उरतात. तेव्हा खंड मोजायचे आणि पाय बघायचे.

मी मोजले. खंड सात, पाय एकेरी. पायांच्या जोड्या मात्र सहाच.

इथे एक गोष्ट माहीत नसली तर माणूस चक्रावतो. आयसोपॉडांची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. पायांच्या बुडाशी फुटलेल्या पातळ पट्ट्यांची पोटाखाली एक पिशवी होते, तिच्यात ती अंडी वाढवते. पिल्लू बाहेर येतं ते जवळजवळ आईसारखंच, फक्त सातवी पायांची जोडी अजून आलेली नसते. या अवस्थेला मँका म्हणतात. माझ्यासमोर होतं ते पिल्लू होतं. म्हणजे त्या विहिरीच्या आसपास त्याची आईही असणार. पुढच्या नमुन्यात सात जोड्यांचे मोठे प्राणी मिळाले आणि आयसोपॉडाबद्दलची शंका मिटली.

पिशवीची ही गोष्ट नुसती गमतीची नाही. खेकडे-कोळंब्यांची पिल्लं अळीरूपात प्रवाहाबरोबर लांब जातात. बहुतेक आयसोपॉडांना असली तरंगती अळी नसते. आई जिथे राहते तिथेच पिल्लू राहतं. भूजलात तर पुढच्या खोऱ्यात जायला रस्ताही नसतो. म्हणून या प्राण्यांच्या कितीतरी प्रजाती एखाद्या गावापुरत्या, एखाद्या गुहेपुरत्या असतात. आंध्रातल्या गुथीकोंडा गुहेतला आंध्राकॉइडीस हा आयसोपॉड २०११ मध्ये नोंदला गेला, तो गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या काळातल्या वंशाचा. १९५० मध्ये चोप्रा आणि तिवारी यांनी काशीच्या विहिरींतून निकोल्सिया हा आयसोपॉड नोंदला, आणि प्रजातीच्या नावातच काशी आली.

आयसोपॉड कोकणातल्या माणसाला अगदीच अनोळखी नाहीत. जेटीच्या दगडांवरून सुर्रकन पळणारे, ओल्या कुंडीखाली सापडणारे, मासे साफ करताना कल्ल्यात चिकटलेले दिसणारे पांढरट किडे, हे सगळे त्याच मोठ्या कुटुंबाचे. पण विहिरीतल्या या दोऱ्याला पाहून कुणाला त्यांची आठवण होणार नाही.

कुळ ठरवायला पहिल्या पायांची जोडी उपयोगी पडली. बाकीचे पाय बारीक, सरळ. पहिल्या जोडीचा शेवटाकडचा भाग फुगीर, आणि त्यावर नखी अशी दुमडते की वस्तू पकडता यावी. शेपटीकडची उपांगं आखूड. वाळूच्या फटीत राहणारे आणखी काही अगदी छोटे आयसोपॉड आहेत, मायक्रोपॅरासेलस, मायक्रोकॅरॉन वगैरे. पैकी मायक्रोकॅरॉनची शेपटीची उपांगं चांगली लांब असतात. पाय, उपांगं, शरीराचा कृमीसारखा घाट, सगळं मिळून बोट एकाच कुळाकडे जात होतं: मायक्रोसर्बेरिडी.

या कुळाची सुरुवातही विहिरीतूनच झाली. १९३३ मध्ये स्टॅन्को करामान यांनी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या स्कोप्येच्या भूजलातून मायक्रोसर्बेरस स्टायजियसचं वर्णन केलं. त्या शहराखालच्या पाण्यातला हा तिसरा आयसोपॉड, असं त्यांनी शीर्षकातच लिहिलं. एका शहराच्या पायाखाली तीन वेगवेगळे आयसोपॉड! पुढे या कुळातले बरेच प्राणी समुद्रकिनाऱ्यांच्या वाळूतून सापडले. भारतात १९५४ मध्ये ज्ञानमुत्तू यांनी मद्रासच्या किनाऱ्यावरून वाळूत राहणाऱ्या दोन नव्या आयसोपॉडांची वर्णनं केली, आणि वाल्टेअरच्या, म्हणजे विशाखापट्टणमच्या, किनाऱ्यावर या वाळूतल्या जीवांचं काम पुढे बरंच झालं. १९९५ मध्ये वेगेले आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातला मायक्रोसर्बेरस नोंदला, हा वंश अटलांटिक महासागराहून जुना असल्याचं मांडलं, आणि कॉक्सिसर्बेरस हे नवं वंशनाम समुद्री वाळूतल्या मंडळींसाठी वेगळं काढलं.

म्हणजे माझ्या विहिरीपुढे सरळ प्रश्न होता. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण गोड्या पाण्यात राहणारे हे प्राणी कुठल्या घरचे? समुद्राकडून आत आलेले, की आधीपासूनच गोड्या पाण्याचे?

उत्तरासाठी नर हवा होता. या प्राण्यांची प्रजाती ठरते ती प्रामुख्याने नराच्या पोटाखालच्या उपांगांच्या दुसऱ्या जोडीवरून. मिलनाच्या वेळी नर ती वापरतो आणि तिचा आकार प्रजातीप्रजातीत वेगळा असतो. मादी पाहून कुळापर्यंत जाता येतं, कधी वंशापर्यंत. विहिरीतून आल्या त्या सगळ्या माद्या आणि पिल्लं.

एका मादीचं विच्छेदन मात्र केलं, कारण पायांच्या बुडाशी असलेल्या कवचाच्या पट्ट्या (अंड्यांच्या पिशवीच्या पट्ट्या वेगळ्या) पाहायच्या होत्या. पुढच्या काही खंडांवर त्या पुढच्या दिशेला निघालेल्या आहेत का, हे कॉक्सिसर्बेरसच्या बाबतीत महत्त्वाचं. मे महिना, पंखा बंद, खिडक्या बंद, कारण थेंबावरून वाऱ्याची झुळूक गेली तरी प्राणी सरकतो. काचपट्टीवर पातळ केलेल्या ग्लिसरीनचा थेंब, त्यात मादी. दोन्ही हातांत आगकाडीच्या टोकाला बसवलेल्या कीटकांच्या बारीकातल्या बारीक टाचण्या. एका टाचणीने धड धरून ठेवायचं आणि दुसरीने पायाच्या सांध्यात नुसता दाब द्यायचा. कापायला जाऊ नये, सांधा आपणच सुटतो. सुटलेला पाय थेंबात तरंगत जातो आणि क्षणभर दिसेनासा होतो, कारण तो काचेइतकाच पारदर्शक असतो. प्रकाश कलता केला की कडा चमकते. मग वरची काच ठेवायची, पण तिच्या चारही कोपऱ्यांखाली फुटक्या काचेचे कण टेकू म्हणून द्यायचे, नाहीतर वजनाने सगळं चपटं होतं आणि चपट्या झालेल्या पायाची रुंदी मोजण्यात अर्थ नसतो. पाय दिसले, नखी दिसली, प्रत्येक केस कागदावर उतरला. बुडाच्या पट्ट्यांची कडा मात्र खात्रीने सांगावी इतकी स्पष्ट दिसली नाही.

नराच्या शोधात पुळणीवर गेले. करामान आणि शाप्पुई यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे, आणि तिला कुदळीपलीकडे फारसं काही लागत नाही. ओहोटीला, भरतीच्या रेषेच्या जवळ, पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा. कडांमधून पाणी झिरपून आत साचतं आणि वाळूतले जीव बरोबर घेऊन येतं. ते भांड्याने काढून त्याच जाळीतून गाळायचं. उधाणाचे दिवस टाळायचे. माझे दोन विद्यार्थी खणत होते आणि बघ्यांना सांगून थकले होते की आम्ही तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत नाही.

पुळणीतल्या पाण्यात तो मिळाला. तसाच दोऱ्यासारखा, पहिल्या पायाची तशीच पकड, तीच लांबी, आणि पोटाखाली नराचं उपांग स्पष्ट. पुढच्या खंडांवरच्या पट्ट्या टोकदार होऊन पुढे आलेल्या, कसलीही शंका राहू नये इतक्या. कॉक्सिसर्बेरस.

आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी आनंद झाला, आणि लगेच एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मग विहिरीतल्या पण त्याच ना? नर मिळाला, माद्या आहेतच. जोडी पूर्ण!" दिसायला दोन्ही इतके सारखे की तसं वाटणं साहजिक होतं. पण पुळणीतलं पाणी चाखलं तर खारट, आणि काकी विहिरीचं पाणी चहाला वापरतात. एक मिलिमीटर लांबीच्या प्राण्यासाठी मधलं आगर आणि सुरूचं बन हे फार मोठं अंतर आहे. शिवाय जे दोन वंश वेगळे काढले गेले, ते नेमके याच सीमेवर: एक समुद्री वाळूचा, दुसरा गोड्या भूजलाचा. तिथलाच नर उचलून इथल्या माद्यांना चिकटवला असता, तर जे शोधायला निघाले तेच आधी गृहीत धरल्यासारखं झालं असतं. मी नाही म्हटलं, आणि नाही का, हे फळ्यावर लिहून समजावलं.

निकोल कॉइनो आणि क्लोद बुतँ यांची एक मांडणी आहे. पूर्वज समुद्रातून किनाऱ्याच्या वाळूत येतात, मग समुद्र मागे हटतो, वाळूतले प्राणी जागेवरच राहतात आणि भोवतालचं पाणी हळूहळू गोडं होतं. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी वर-खाली झाल्याच्या खुणा आहेतच. त्यामुळे विहिरीतल्या माद्या पुळणीतल्या नराच्या सख्ख्या असतील, अलीकडे वेगळ्या झालेल्या चुलत असतील किंवा फार जुन्या, पूर्णपणे वेगळ्या घराण्यातल्या असतील. तिन्ही शक्यता मला तितक्याच खऱ्या वाटतात आणि तिन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे. पहिली खरी असेल तर हा प्राणी किनाराभर असू शकतो. तिसरी खरी असेल तर कदाचित फक्त या आगरांखाली.

उरतो तो डीएनएचा मार्ग. पुळणीतले काही आणि विहिरीतले काही प्राणी वेगवेगळ्या कुप्यांत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत. फॉर्मालिन जवळ फिरकू दिलं नाही, कारण त्यात डीएनए खराब होतो. प्राणी इतका लहान असतो की नुसता पाय घेऊन भागेल याची खात्री देता येत नाही. म्हणून अख्खा प्राणी द्रावणात ठेवून डीएनए काढायचा आणि उरलेलं कवच काचपट्टीवर जपायचं, अशी पद्धत वापरायची ठरली आहे. प्राण्यांची ओळख पटवायला वापरतात तो सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचला आणि विहिरीचा आणि पुळणीचा एकमेकांशेजारी ठेवला की निदान सख्खे की परके एवढं कळेल. नवी प्रजाती म्हणून जाहीर करायचं तर त्यापुढेही बरंच काम आहे. वर्णन, आकृत्या, प्रमाण नमुना, आणि तो नमुना सर्वांना पाहता येईल अशा संग्रहात जमा करणं. आपल्याकडे हे काम १९१६ पासून चालत आलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे जातं, आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पाठवायचा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम पाळावे लागतात, आणि ते पाळावेतच.

तोपर्यंत कुप्यांवरच्या चिठ्ठ्या दोन वेगळ्या. पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. पुळणीच्या कुपीवर वंशाचं नाव, पुढे प्रजाती अनिश्चित. विहिरीच्या कुपीवर फक्त कुळ, खाली विहिरीची खोली, पाण्याची पातळी, पाण्याचं तापमान आणि क्षारता. ही शेवटची चार माहिती मला नावाइतकीच महत्त्वाची वाटते. गावातल्या कितीतरी विहिरींवर पंप बसले आहेत, काही बुजवल्या गेल्या, मागे सड्यावर चिरेखाणी वाढत आहेत. दहा वर्षांनी कुणी या विहिरीवर आलं आणि प्राणी मिळाले नाहीत, तर काय बदललं ते शोधायला त्याच्या हाती काहीतरी असलं पाहिजे.

काकींना सगळं सांगितलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "हे पाणी आम्ही पितो ना?" पितात. यांनी माणसाला काही अपाय होत असल्याचं मला माहीत नाही. हे वाळूवरचे जिवाणू आणि कुजका कचरा खाऊन राहणारे जीव आहेत. तरी पाणी गाळून, उकळून प्या, हे मी सांगितलं, कारण ते सगळ्याच विहिरींना लागू आहे. त्या म्हणाल्या, "मग राहू देत. पावडरवाले आले की तुला फोन करते, आधी येऊन तुझे काढून ने."

पाऊस ओसरून विहीर निवळली की पुन्हा जाळी सोडायची आहे. या वेळी तळापर्यंतच नाही, चिऱ्यांच्या सांध्यांतून जिथे झरा आत येतो तिथेही कापडाची पिशवी बांधून ठेवणार आहे, कारण मोठे नर गाळात न राहता झऱ्याच्या वाटेवर असतील असा माझा अंदाज आहे. शेजारच्या दोन आगरांच्या मालकांनीही आपल्या विहिरी दाखवायला हो म्हटलं आहे.